नववीचा वर्ग, दुसरीची गोष्ट आणि आजोबांचा उतारा

पार्श्वभूमी

हे प्रकरण कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका अनुदानित मराठी हायस्कूलचं आहे. शाळेचं, गावाचं आणि मुलांची नावं देत नाही. ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. मी त्या वेळी नववीची वर्गशिक्षिका होते आणि मराठी शिकवत होते. काळ जून २०२२ ते ऑगस्ट २०२४, म्हणजे एका तुकडीची नववी, दहावी आणि पुढचे काही महिने.

गाव बेळगाव–चोर्ला रस्त्यापासून आत आहे. भाताची शेती, थोडा ऊस, जंगलाच्या कडेला काजू. जुलैत पाऊस असा लागतो की ओढ्यापलीकडच्या वाड्यांची मुलं आठवडाभर दिसत नाहीत. बऱ्याच घरांतला एक जण गोव्यात असतो, हॉटेलात, बेकरीत किंवा बांधकामावर. जे गोव्याला गेले नाहीत ते बेळगावजवळच्या उद्यमबाग नाहीतर मच्छेच्या कारखान्यांत. आमच्याकडे आसपासच्या चार प्राथमिक शाळांतून मुलं आठवीला येतात. ज्यांना परवडतं ते पोरांना आधीच खानापूरला किंवा बेळगावला इंग्रजी माध्यमात घालतात. आमच्या पटावर उरतात ती ज्यांना जायला दुसरी शाळा नाही अशी, आणि काही थोडी अशी, ज्यांच्या आईवडिलांनी ठरवून मराठी निवडली आहे.

भाषेचं चित्र सीमाभागातल्या वाचकांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी लिहिते. मुलाच्या घरी मराठी, शाळेत मराठी. बसची पाटी कन्नड, जमिनीचा उतारा कन्नड, सरकारी नोकरीला कन्नड. कर्नाटकाच्या २०१५ च्या कन्नड भाषा शिक्षण कायद्याने कन्नड प्रत्येक शाळेत सक्तीची झाली. दहावीनंतर विज्ञान किंवा वाणिज्य घ्यायचं तर जवळजवळ सगळं इंग्रजीतून. म्हणजे ज्या भाषेत मूल विचार करतं, ती दहावीच्या दारापर्यंत येते आणि तिथेच थांबते. पुढे महाराष्ट्रात जायचं तर महाराष्ट्राने हक्क सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मुलांना व्यावसायिक अभ्यासक्रमांत सीमाभागाचा कोटा आहे, पण तो बारावीनंतरचा मामला. आमच्या मागच्या बाकावरच्या मुलाला त्याचं काय?

या तुकडीची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी होती. ही मुलं सहावीच्या शेवटाला असताना मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. त्यांची सातवी जवळजवळ पूर्ण घरात गेली. काही दिवस 'विद्यागम' या शाळेबाहेर शिकवण्याच्या सरकारी कार्यक्रमात देवळाच्या पडवीत गुरुजी शिकवून जात, तेही ऑक्टोबर २०२० मध्ये थांबलं. दूरदर्शनच्या चंदना या कन्नड वाहिनीवर पाठ लागायचे ते मुख्यतः कन्नडमधून, आणि मोबाइलला रेंज यायची ती टेकडीवर चढल्यावर. आठवी सुरू झाली तीच मुळात सप्टेंबर २०२१ मध्ये.

अडचण काय होती

नववीत ३८ मुलं-मुली. जुलै संपेपर्यंत वर्गाचे उघड उघड दोन भाग झाले. पुढे बसलेली पंधरा-सोळा मुलं लिहायची, उत्तरं द्यायची. मागची वही उघडायची आणि तशीच मिटायची. दंगा नव्हता. दंगा असता तर बरं, निदान जीव तरी दिसला असता. मुलं गप्प बसायची, खिडकीबाहेर बघायची, बिसीऊट, म्हणजे शाळेतलं दुपारचं जेवण, झालं की निम्मी ओढ्याकडून घरी. विचारलं तर एकच उत्तर, "आमच्यानं होत नै, टीचर."

पाच-सहा मुलं मात्र पहाटे साडेचारला रस्त्यावर पळत असायची. जून २०२२ मध्येच अग्निपथ योजना जाहीर झाली होती, आणि मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात असल्यामुळे भरती हा आमच्याकडे घराघरातला शब्द. त्यांच्यातला एक उंच मुलगा, त्याला इथे प. म्हणते, पळण्यात सगळ्यांच्या पुढे आणि वर्गात सगळ्यांच्या मागे. वडील गोव्यात. घरी आई, आजोबा आणि दोन म्हशी.

स्टाफ मीटिंगमध्ये आम्ही सगळे एकच वाक्य बोललो: मुलांना आवडच राहिली नाही. मीही बोलले. कोरोनाने सवय मोडली, मोबाइलने डोकं खाल्लं, आईबापाचं लक्ष नाही. ही कारणं खोटी नव्हती. पण त्यातल्या एकाही कारणावर आम्हाला काही करता येण्यासारखं नव्हतं, आणि म्हणूनच ती बोलायला सोपी होती.

निदान बदललं ते एका शब्दामुळे

विज्ञानाच्या सरांनी एक दिवस चिडून सांगितलं, की गतीच्या धड्यात 'विस्थापन म्हणजे काय' असं विचारलं तर मागून एकाने उत्तर दिलं, "धरणाला गाव उठवत्यात ते." वर्ग हसला. सर म्हणाले, बघा, थट्टा करतात. मला मात्र ते उत्तर घरी जाईपर्यंत सोडेना. मुलगा थट्टा करत नव्हता. त्याला माहीत असलेला त्या शब्दाचा अर्थ त्याने सांगितला होता, आणि तो अर्थ बरोबरच होता. आमची विज्ञान-गणिताची पुस्तकं भाषांतरित आहेत, वाक्यं लांब, शब्द संस्कृत वळणाचे. ज्याला वाचता येतं त्याला ती अवघड जातात. ज्याला वाचताच येत नाही त्याचं काय होत असेल?

मग मी पाचवीच्या मराठीच्या पुस्तकातला एक उतारा घेऊन एकेका मुलाला स्टाफरूममध्ये बोलावलं आणि मोठ्याने वाचायला सांगितलं. तीन दिवस लागले. १४ जणांनी सरळ वाचलं. १३ जण अक्षराला अक्षर जोडत, शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरत वाचत होते. ११ जणांना जोडाक्षरं आली की पुढे जाताच येत नव्हतं. ही मुलं नववीत होती आणि रोज सहा विषयांची पुस्तकं दप्तरात घेऊन येत होती.

माझ्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. आदल्या वर्षी आठवीला मीच मराठी शिकवलं होतं.

पुढे असलेले मार्ग

एच.एम. सरांच्या, म्हणजे मुख्याध्यापकांच्या, खोलीत आम्ही चार-पाच वाटा मांडल्या. शाळा सुटल्यावर जादा तास घ्यायचे तर वाड्यांवरच्या मुलांची शेवटची बस चुकते, आणि रोप लावणीच्या दिवसांत घरचे थांबू देत नाहीत. पालकांना बोलावून तंबी द्यायची, हे आम्ही दरवर्षी करतो, त्याने मूल दोन दिवस मार खातं एवढंच. राज्याचा 'कलिका चेतरिके' हा अध्ययन भरपाईचा कार्यक्रम त्या वर्षी सुरूच होता, पण नववीसाठीचं साहित्य मुलाला वाचता येतं हे धरूनच केलेलं. राहिला एक मार्ग: पहिल्या तासाला वर्गाचे दोन भाग करायचे आणि न वाचणाऱ्यांना वेगळं बसवून मुळापासून वाचन घ्यायचं.

एक सहकारी म्हणाले, दहावीच्या निकालावर लक्ष द्या, जी होणारी आहेत त्यांना घडवा, बाकीच्यांचं नशीब. यावर आमचं भांडण झालं. पण त्यांच्यावर निकालाचा दबाव होता हे मी नाकारत नाही. तालुक्याच्या बैठकीत शाळेचा टक्का विचारतात, किती मुलं वाचायला लागली हे कुणी विचारत नाही.

आम्ही वर्ग विभागला.

पहिली चूक

तीन आठवड्यांत हा प्रयोग कोसळला. वेगळी खोली म्हणजे जुन्या प्रयोगशाळेशेजारची. मुलांनी तिला आठ दिवसांत नाव दिलं, 'ढ वर्ग'. आम्ही कुठेही तसं म्हटलं नव्हतं, पण मुलं आपल्यापेक्षा हुशार असतात, कोण कुठे का बसलंय ते त्यांना सांगावं लागत नाही. त्या खोलीतली एक मुलगी, ल., शाळेत यायचीच थांबली. घरी गेले तर आई गोठ्यात होती. म्हणाली, "बाई, पोरगी म्हणतीया उपाशी ठेवा पर त्या खोलीत न्हाई जाणार." ल. दाराआड उभी होती, बाहेर आली नाही.

हा पहिला खरा निर्णयाचा क्षण होता. मुलांना वाचन शिकवायला हवं यात शंका नव्हती. पण नववीच्या मुलीला सगळ्यांसमोर दुसरीचं पुस्तक हातात देणं म्हणजे तिला रोज अपमान देणं. शिकण्याची इच्छा मेली असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा ती झाकलेली असते. मूल 'मला येत नाही' यापेक्षा 'मला आवडत नाही' हे निवडतं, कारण दुसऱ्यात मान राहतो. आम्ही तोच मान काढून घेत होतो. विभागणी बंद केली. पुढे काय, ते ठाऊक नव्हतं.

काय केलं: दुसरीची गोष्ट

उत्तर योगायोगाने आलं. आमच्या आवाराला लागूनच सरकारी मराठी प्राथमिक शाळा आहे. सप्टेंबरात तिथले एक गुरुजी प्रशिक्षणाला गेले आणि एक अतिथी शिक्षिका आजारी पडल्या. मागे राहिलेल्या एकट्या बाईंनी एच.एम. सरांना निरोप पाठवला, दोन मोठी मुलं पाठवा, दुसरीचा वर्ग नुसता धरून बसतील. सरांनी पुढच्या बाकांवरची मुलं पाठवली नाहीत, त्यांचा अभ्यास बुडेल म्हणून. प. ला आणि आणखी एकाला पाठवलं.

तासाभराने मी बघायला गेले. प. जमिनीवर बसला होता, मांडीवर गोष्टीचं पुस्तक, भोवती वीस-बावीस पोरं. तो वाचत होता. अडखळत, बोट ठेवून, चार-चार शब्दांनी. आणि ती लहान मुलं त्याच्याकडे अशी बघत होती जणू त्याच्याइतकं कुणालाच येत नाही. एक शब्द अडला, तर एक चिमुरडी म्हणाली, "दादा, ते 'शुभ्र' हाय." प. म्हणाला, "व्हय की," आणि पुढे गेला.

मी दारातून परत फिरले.

दुसऱ्या दिवशी प्राथमिकच्या बाईंशी बोलून आम्ही हे नियमाने करायचं ठरवलं. आठवड्यातून तीन दिवस, दुपारच्या जेवणानंतर चाळीस मिनिटं, नववीची मुलं जोडीने पहिली ते तिसरीच्या मुलांना गोष्ट वाचून दाखवणार. सगळीच, ३८ च्या ३८. हा निर्णय महत्त्वाचा होता. फक्त अकरा जणांना पाठवलं असतं तर पुन्हा 'ढ वर्ग' झाला असता. जोड्या मात्र मी हिशेबाने लावल्या, बरं वाचणारा आणि अडखळणारा एकत्र. आणि एक अट: आदल्या दिवशी गोष्ट घरी तीनदा मोठ्याने वाचायची, कारण लहानांसमोर अडायचं नाही.

जे नववीचं पुस्तक वाचू शकत नव्हते त्यांना दुसरीचं पुस्तक वाचायला सन्मानाचं कारण मिळालं. हे आम्ही योजलेलं नव्हतं. पण दिसल्यावर धरून ठेवलं.

ल. ला परत आणायला मी गेले नाही. तिच्या वाडीवरच्या तिसरीतल्या एका मुलीला सांगितलं, तुझ्या अक्काला म्हणावं उद्या तुमची गोष्ट आहे. ती सोमवारी आली. दिवाळीपर्यंत ती जोडाक्षरं वाचू लागली होती, आणि म्हशीचं दूध घालायला जाताना डेअरीच्या पावत्या घरी वाचून दाखवते असं तिच्या आईनेच सांगितलं.

काय केलं: २८२ आणि उतारा

वाचन हा एक धागा. दुसरा धागा होता 'कशाला शिकायचं' हा.

ऑक्टोबरात मी फळ्यावर अग्निवीर जनरल ड्यूटीची अट लिहिली: दहावीत एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात किमान ३३. आमच्या दहावीला पहिली भाषा १२५ गुणांची, बाकी पाच विषय शंभर-शंभरचे, एकूण ६२५. ४५ टक्के किती? मुलांनीच काढलं: २८१.२५, म्हणजे २८२. पळणाऱ्या मुलांची तोंडं उतरली. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, त्यांना वाटत होतं छाती आणि पळणं पुरे. प. ने वहीच्या पहिल्या पानावर २८२ लिहून भोवती चौकट काढली. फौजेची वाट चांगली की वाईट यावर मला इथे बोलायचं नाही. मुलाच्या डोळ्यांपुढे जी वाट आहे ती तिच्या अटींसकट त्याला दाखवणं आमचं काम होतं, आणि ते आम्ही केलं नव्हतं.

कन्नडचं काय करायचं हा सगळ्यांत नाजूक भाग. मुलांना कन्नड सगळ्यांत नकोशी. बसची पाटी वाचता येत नाही म्हणून ड्रायव्हरचा चेहरा बघून बस ओळखणारी मुलं आमच्याकडे आहेत. कन्नडच्या बाई सौंदत्तीकडच्या, त्यांची मराठी तोडकी. मुलं हसायची, बाई गप्प व्हायच्या, आणि तास उत्तरं उतरवून घेण्यात जायचा.

एकदा प. ने विचारलं, "टीचर, आमच्या आजोबांच्या उताऱ्यात चुलत्याचं नाव लागलंय म्हणं, बघून सांगता?" मला कन्नड वाचता येत नाही. हे सांगताना संकोच वाटला. कन्नडच्या बाईंकडे गेलो. त्यांनी उतारा बाकावर पसरला आणि प. लाच म्हणाल्या, अक्षरं तू वाच. त्याने एकेक अक्षर लावलं. स... र्वे... नंबर. हि... स्सा. गुं... टे. ख... राब. आणि तो एकदम थांबला. "हे मराठीच हाय की!"

लिपी वेगळी, पण उताऱ्यातले निम्मे शब्द त्याच्या घरातले. त्या दिवशी बाईंनी आणि मी ठरवलं, आठवड्यातला एक कन्नडचा आणि एक मराठीचा तास जोडायचा, दोघींनी वर्गात राहायचं. मुलं घरून कागद आणतील: उतारा, रेशनचा कागद, वीजबिल, बसचं वेळापत्रक. पहिल्या तासात बाईंबरोबर वाचायचं, दुसऱ्यात माझ्याबरोबर त्याचं मराठी करायचं. गणिताचे सर आपणहून आले, चाळीस गुंठ्यांचा एकर करून तीन भावांच्या वाटण्यांची उदाहरणं घातली. बाई मुलांना कन्नड शब्द विचारायच्या, मुलं बाईंना मराठी. तूप आणि तुप्प, अण्णा, अक्का, यादी वाढत गेली. मुलं हसायची थांबली असं नाही, पण आता बाईसुद्धा हसत होत्या.

गावचा आक्षेप

ही बातमी गावात गेली. आम्ही पालकसभा मुद्दाम वार पाळणुकीच्या मंगळवारी ठेवली होती. लक्ष्मीच्या यात्रेचं वर्ष, त्या दिवशी कुणी शेतात जात नाही, सगळं गाव घरी. सभेला एरवीच्या तिप्पट माणसं आली.

एक वयोवृद्ध गृहस्थ उठले. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात ते तरुण होते. त्या आंदोलनात माणसं गेली, दर १ जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर ते जातात. ते म्हणाले, "बाई, उतारा मराठीत द्या हे आमचं मागणं हाय. तुम्ही पोरांना कन्नड उतारा वाचायला शिकवला, तर सरकार म्हणणार, वाचतात की, मग मराठी कशाला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही पूर्ण उत्तर नाही. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या भाषेत कागद मिळावा ही मागणी न्याय्य आहे आणि मी ती मानते. पण ज्या मुलाच्या जमिनीत चुलत्याचं नाव घुसलंय त्याला तो कागद आज वाचायचा आहे. मी एवढंच म्हणाले, की मुलं प्रत्येक कागदाचं मराठी करतात, ते भाषांतर तुम्ही बघा, चुकलं तर दुरुस्त करा. ते म्हणाले, बघतो. ते आले नाहीत. चार दिवसांनी त्यांची सून आपला उतारा घेऊन आली.

मग डिसेंबर २०२२. सीमाप्रश्न पुन्हा पेटला, हिरेबागेवाडीजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली, दोन्ही राज्यांच्या बसगाड्या काही दिवस थांबल्या. एच.एम. सरांनी जोडतास बंद केले. दोन्ही बाजूंनी बोट दाखवलं जाईल, शाळा त्यात नको. मी तेव्हा मान्य केलं. आज वाटतं, बंद करणं कदाचित बरोबर होतं, पण मुलांना कारण न सांगता बंद केलं हे चुकलं. मुलांना कळलं ते इतकंच, की टीचरला आवडणाऱ्या गोष्टीही अचानक थांबतात. कन्नडच्या बाई तर तीन आठवडे स्टाफरूममध्ये कुणाशी फारसं बोलल्या नाहीत, आणि त्यांच्याशी आपणहून बोलायला जायचं मलाही सुचलं नाही. जानेवारीच्या मध्यावर तास पुन्हा सुरू झाले तेव्हा वर्गात दोन जागा रिकाम्या होत्या. प. आणि त्याचा एक मित्र गोव्याला गेले होते.

प. चा निर्णय आणि आमचा

प. च्या आईने सांगितलं, वडिलांना काम झेपत नाही, हॉटेलात पोरगा लागला तर घर चालेल. नववीची वार्षिक परीक्षा त्याने दिली नाही. मे महिन्यात तो गावी आला आणि शाळेच्या फाटकाशी उभा राहिला, आत आला नाही.

एच.एम. सरांपुढे प्रश्न होता: परीक्षा न दिलेल्याला दहावीत कसा घ्यायचा? घेतला तर शाळेचा टक्का खाली. पुन्हा नववीत बसवला तर तो बसणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. सरांनी नियमात बसेल अशी पुनर्परीक्षा घेतली आणि त्याला दहावीत घेतलं. या निर्णयाचं श्रेय पूर्णपणे सरांचं. मित्र मात्र गोव्यातच राहिला. एक मुलगी मामाच्या गावी गेली. दहावीला ३६ उरले.

दहावीचं वर्ष

थोडक्यात सांगते. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत मुलींना बसप्रवास फुकट झाला आणि वाड्यांवरच्या मुलींची हजेरी सुधारली. पासाचे पैसे नाहीत ही सबब घरच्यांकडे उरली नाही. पण सकाळची बस खचाखच भरून यायची आणि आमच्या थांब्यावर थांबायचीच नाही. पहिला तास बुडायचा. मराठी आणि गणिताचे तास आम्ही दुपारी ढकलले, जेवणानंतर, जेव्हा सगळी असतात. दहावीच्या मुलांचं प्राथमिकला जाऊन गोष्टी वाचणं दिवाळीनंतर आठवड्यातून एकदाच ठेवलं. काही पालकांचा आग्रह होता की तेही बंद करा. ल. म्हणाली, तेवढं राहू द्या.

निकाल

२०२४ हे कर्नाटकात दहावीच्या तीन परीक्षांचं पहिलं वर्ष, आणि परीक्षा केंद्रांवर कॅमेऱ्यांतून थेट नजर. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८३.८९ वरून ७३.४० वर आला. आमच्या ३६ पैकी २४ पहिल्या परीक्षेत पास झाले, पाच दुसऱ्या, दोन तिसऱ्या. पाच राहिले.

ज्या अकरा जणांना ऑगस्ट २०२२ मध्ये जोडाक्षरं वाचता येत नव्हती, त्यांतले दहा दहावीला बसले, सहा शेवटी पास झाले. ल. पहिल्याच परीक्षेत. चार नापास. त्यांपैकी तिघांना वाचता येतं, पण गणित-इंग्रजीत तीन वर्षांचं राहिलेलं दोन वर्षांत भरलं नाही. चौथ्यापर्यंत मी पोचलेच नाही, असं प्रामाणिकपणे लिहायला हवं. तो शांत मुलगा होता, नियमित यायचा, आणि नियमित येणाऱ्याकडे आपलं लक्ष जात नाही.

शाळेचा टक्का त्या वर्षी तालुक्याच्या बैठकीत खाली दिसला. ज्या सहकाऱ्यांनी होणाऱ्यांना घडवा म्हटलं होतं त्यांनी मला टोमणा मारला नाही. नव्या नववीच्या जोड्या कशा लावायच्या ते विचारलं.

पुन्हा करायचं तर

वाचून घेणं ऑगस्टपर्यंत थांबवणार नाही. आता ते आठवीच्या पहिल्या आठवड्यात होतं, आणि स्टाफरूममध्ये नाही. तिथे बोलावलं की मुलाला वाटतं गुन्हा केलाय. चिंचेच्या झाडाखाली, एकेकाला, दुसरं कुणी ऐकत नसताना.

वेगळी खोली पुन्हा कधीच नाही.

गावच्या त्या आजोबांकडे मी सभेच्या आधी जायला हवं होतं. सभेत विरोध करणारा माणूस आधी घरी चहा घेताना विचारला असता तर कदाचित कागदांची यादी त्यांच्याकडूनच आली असती. जोडतास सुरू करायच्या आधी कन्नडच्या बाईंना घेऊन दोन-तीन घरी जाणं जमलं असतं, तर डिसेंबरात त्या एकट्या पडल्या नसत्या.

आणि गोव्याला जाणाऱ्या मुलांबद्दल आम्हाला जानेवारीत कळलं, जेव्हा ती गेली होती. खरं तर नोव्हेंबरात प. ने दोनदा विचारलं होतं, "टीचर, तीन महिने नाही आलं तर चालतंय काय?" मी म्हटलं होतं, चालत नाही. कारण विचारलं नव्हतं. आता वर्गात असा प्रश्न आला की त्याच संध्याकाळी घरी जायचं असं आमचं ठरलं आहे.

प. दुसऱ्या परीक्षेत पास झाला. गुण २७१. अकरा कमी. निकाल घेऊन तो आला तेव्हा मला काय बोलावं सुचत नव्हतं. त्याने खिशातून पेपरातल्या अग्निवीर भरतीच्या जाहिरातीचं कात्रण काढलं, घडीवर घडी पडलेलं, आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "टीचर, ट्रेड्समनला टक्के लागत नैत. नुसतं पास आणि प्रत्येकात ३३. मी वाचलंय."